किती मिली, डॉक्टर?

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईत कॉस्मेटिक शस्त्रक्रिया करणारी सर्व डॉक्टर मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी ओटी सिस्टर, म्हणजे ऑपरेशन थिएटरातली नर्स. ३१ वर्षं थिएटरात उभी राहिले, निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, नौपाड्यात राहते. गुडघे गेलेत, कान-डोळे शाबूत आहेत. तुमच्यापैकी एखाद-दुसऱ्याच्या हातात रेसिडेन्सीच्या काळात मी सुया-धागे दिले असतील. मॉपचा, म्हणजे रक्त टिपायच्या कापडांचा, काउंट जुळेना म्हणून पोट शिवायचं थांबवलंही असेल. तेव्हा हे पत्र कुणा चिडलेल्या नातेवाइकाचं समजू नका, तुमच्याच थिएटरातल्या माणसाचं समजा. काउंट जुळत नाही म्हणूनच लिहिते आहे. विषय आहे अंगातली चरबी काढून ती कुल्ल्यांत भरायच्या ऑपरेशनाचा.

माझी भाची २६ वर्षांची. कासारवडवलीला राहते, ऐरोलीला आयटीत नोकरी करते. उंची पाच फूट चार इंच, वजन ४७ किलो. लहानपणापासून काडी. घरातल्या प्रत्येक बाईने तिला "खा गं जरा" म्हणून घेतलं आहे, पण त्यावरून ती कधी रडली नव्हती. रडली ती चुलतबहिणीच्या लग्नात. सगळ्या मुलींनी नऊवारी नेसायची ठरवली होती. नेसवायला आलेल्या बाईंनी हिच्या निऱ्या काढल्या, काष्टा खोचला, दोन पावलं मागे सरून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, काष्टा बसायला मागे काहीतरी लागतं. हा नुसता लोंबतोय." खोलीत हशा पिकला. मीही हसले, खोटं कशाला सांगू. शेवटी आत पंचा घडी करून खोचला तेव्हा कुठे काष्टा बसला. त्या दिवशीचा एकही फोटो तिने मोबाइलमध्ये ठेवलेला नाही.

तीनेक महिन्यांनी फोन आला. "मावशी, एके ठिकाणी माझ्यासोबत चल. फक्त तिथे बोलू नकोस."

ते ठिकाण म्हणजे घोडबंदर रोडवरचं एक क्लिनिक. नाव लिहीत नाही, कारण त्या एका दारावर जाऊन भांडायचं असतं तर पत्र उघडं लिहिलं नसतं. बाहेर मेट्रोच्या खांबांखालचा चिखल, आत गार हवा आणि कसला तरी फुलांचा वास. चाळीस मिनिटं आमच्याशी बोलल्या त्या कौन्सेलर मॅडम. डॉक्टर आले ते सहा मिनिटं. घड्याळ बघायची सवय थिएटरची, जात नाही.

मॅडमनी टॅबवर फोटो दाखवले. आधीचे, नंतरचे. मी गप्प बसून बघत होते आणि एक गोष्ट लक्षात आली. 'आधी'च्या फोटोतल्या सगळ्या बायकांना पोट होतं, कमरेवर वळ्या होत्या, मांड्या भरलेल्या होत्या. म्हणजे एका ठिकाणी जास्त होतं ते दुसरीकडे नेलं, हिशोब सरळ. माझ्या भाचीसारखी एकही नव्हती. हे मी बोलायच्या आत मॅडम हसून म्हणाल्या, "तुमचं फॅट कमी आहे, पण प्रॉब्लेम नाही. पाच-सहा किलो वाढवून या. मग पोट, कंबर, मांड्या, दंड, सगळीकडून थोडं थोडं जमवू."

जमवू! भिशी आहे का ही?

बोलायचं नाही असं ठरलं होतं, पण राहवलं नाही. विचारलं, "जमवून जमवून किती मिली मिळेल?" मॅडम म्हणाल्या, ते डॉक्टर टेबलावर ठरवतात. डॉक्टरांना विचारलं, तर "रिझल्ट छान येतो, काळजी नका करू." पॅकेज अडीच लाख, वर जीएसटी, हप्त्यांची सोय आहे. पाच हजार टोकन भरून आम्ही बाहेर पडलो. भाचीच्या हातात चार पानी इंग्रजी फॉर्म होता, माझ्या डोक्यात तोच प्रश्न.

तो प्रश्न रात्री स्वयंपाकघरात सोडवला. तुमच्यासमोरही मांडते, कारण तुम्हाला तो माझ्यापेक्षा चांगला सोडवता येतो आणि तरी कुणी सोडवून दाखवत नाही.

मापाचं भांडं काढलं, भाचीला समोर बसवलं. समज, म्हटलं, तुझ्या सगळ्या अंगातून मिळून ८०० मिली ओढलं. तुझ्या चणीला हे पुष्कळ झालं, पण समज. ते ओढताना आधी आत सोडलेलं पाणी, थोडं रक्त, सगळं बरोबर येतं. बरणीत ठेवलं की थर बसतात, लोणी कढवलेल्या पातेल्यात बसतात तसे. वर तेल, मधे चरबी, तळाला तांबूस पाणी. कामाची ती मधली. निम्मी धर, ४०० मिली. दोन बाजूंना वाटली की एका बाजूला २००. ही चरबी नव्या जागी नेऊन ठेवली तरी तिला तिथे लगेच रक्त मिळत नाही. आजूबाजूच्या केशवाहिन्या जिला पोचतील ती जगते, बाकीची पहिल्या दोन-तीन महिन्यांत शरीर शोषून टाकतं. तिसरा हिस्सा गेला म्हणू. उरली १३० मिलीच्या आसपास. मी कपाटातला कटिंग चहाचा ग्लास काढला, पाणी ओतलं. दीड ग्लास भरला. "हे," म्हटलं, "एका बाजूला. तेही एका जागी नाही, सगळीकडे पसरून."

ती त्या ग्लासांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एवढंच?"

डॉक्टर, हा हिशोब मोघम आहे हे मला कळतं. कुणाचे हात चांगले असतात, कुणाची चरबी चांगली टिकते, कुठे ८०० च्या जागी हजार निघतात. माझे आकडे चूक असतील तर तुमचे बरोबर आकडे सांगा. पण अडीच लाख भरणाऱ्या मुलीला हा हिशोब क्लिनिकातच कळायला हवा होता, मावशीच्या ओट्यावर नाही.

आणि ही झाली निम्मी गोष्ट. बारीक मुलीकडे काढायला चरबी कमी, हे कौन्सेलरही सांगते. ठेवायला जागासुद्धा कमी, हे कुणी सांगत नाही.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी आम्ही संत्र्याला इंजेक्शनं देत बसायचो. मग माणसांवर आलो तेव्हा ट्यूटरने बोट धरून शिकवलं. कुल्ल्याचे मनातल्या मनात चार भाग करा, वरच्या बाहेरच्या भागात सुई उभी घाला, पिस्टन जरा मागे ओढा, रक्त येत नाही ना बघा, मगच औषध सोडा. खाली सायटिक नर्व्ह आहे, मोठ्या शिरा आहेत, तिकडे जाऊ नका. दोन मिलीच्या इंजेक्शनाला एवढा सोहळा! तिथेच आता शेकडो मिली चरबी सोडली जाते, आणि पेशंटला त्या शिरांचं नावही कुणी सांगत नाही.

तुम्हाला हे ठाऊक आहे. इतर वाचणाऱ्यांसाठी लिहिते. चरबी कातडीखालच्या चरबीच्या थरातच राहायला हवी. कॅन्युला, म्हणजे चरबी सोडायची नळी, खाली स्नायूत घुसली, तिथली शीर फाटली, तर दाबाखाली सोडलेली चरबी त्या शिरेतून हृदयात आणि तिथून फुप्फुसात जाते. त्याला फार वेळ लागत नाही. टेबलावर किंवा काही तासांत माणूस जातो. अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांच्या पाहणीतून २०१७ साली जो अंदाज निघाला तो ३००० मागे एक मृत्यू असा होता. हौसेच्या ऑपरेशनाला हा आकडा भयंकर आहे. २०१८ मध्ये तिकडच्या सर्जनांच्या संघटना एकत्र बसल्या आणि त्यांनी स्पष्ट लिहिलं की गेलेल्या ज्या पेशंटांची शवविच्छेदनं झाली त्या सगळ्यांच्या स्नायूत चरबी सापडली, आणि चरबी फक्त कातडीखालच्या थरात असताना मृत्यू झाल्याचं एकही उदाहरण नाही. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या कॉस्मेटिक सर्जनांच्या संघटनेने आपल्या सभासदांना हे ऑपरेशन करूच नका असा सल्ला दिला. २०२२ मध्ये परवानगी दिली ती अटीवर, चरबी कातडीखालीच आणि तीही सोनोग्राफीत बघत. फ्लोरिडात २०१९ मध्ये स्नायूत चरबी सोडायला बंदी आली. २०२२ मध्ये सोनोग्राफी सक्तीची झाली आणि एका सर्जनने दिवसाला तीनपेक्षा जास्त अशी ऑपरेशनं करायची नाहीत असंही ठरलं. थकलेला हात खाली जातो, हे कळायला कुणी सर्जनच असावं लागत नाही, आम्ही सिस्टर लोक रोज बघतो.

हेही सांगायला हवं की पुढच्या, २०१९ च्या पाहणीत हा आकडा सुमारे १५,००० मागे एकावर आला. म्हणजे पद्धत बदलली की माणसं वाचतात. मी या ऑपरेशनावर बंदी घाला म्हणून लिहीत नाही.

आता ४७ किलोच्या मुलीकडे वळा. तिच्या कातडी आणि स्नायूच्या मधला थर किती जाड असणार? भरलेल्या अंगाच्या बाईत कॅन्युलेला वावरायला जागा असते, इथे जरा कोन चुकला की खाली स्नायू. त्यात वरच्या थरात फार चरबी मावत नाही, कातडी ताठ असते. पेशंटने तर फोटो दाखवून ठेवलेला. मग मोह होतो, थोडी खाली सोडू या, तिथे उभार छान दिसतो. नेमकं जिथे जायचं नाही तिकडेच हात ओढला जातो. जिच्यात धोका जास्त आणि मिळकत कमी, तिलाच आपण सांगतो की प्रॉब्लेम नाही. माझा सगळा राग या दोन शब्दांवर आहे.

काढायच्या बाजूलाही हेच. जाड थरातून चरबी ओढली तर थोडं कमीजास्त खपून जातं. बारीक पोरीच्या पोटावरून, दंडावरून खरवडून काढायला गेलं की खळगे पडतात, कातडी खाली चिकटते, लाटा दिसतात. मागे दीड कटिंग आलं आणि पुढे पोटावर खळगे आले, हा व्यवहार तिला आधी सांगा. मग ती हो म्हणाली तर म्हणू दे.

"वजन वाढवून या" याबद्दलही थोडं. भाचीने मनावर घेतलं. सकाळी केळ्याचं शिकरण, दुपारी डिंकाचे लाडू (मीच करून दिले, आता हसू येतं), संध्याकाळी ऑफिसातून येताना स्टेशनाबाहेर वडापाव, रविवारी मामलेदारची मिसळ. दीड महिन्यात चार किलो वाढले. वाढले कुठे? गाल आणि पोट. शरीर आपला कारभार कौन्सेलरला विचारून करत नाही. मग सप्टेंबरात डेंग्यू झाला, दहा दिवसांत साडेतीन किलो उतरले, प्लेटलेट्सच्या नादात आम्ही काष्टा-बिष्टा सगळं विसरलो.

त्या दहा दिवसांत माझ्या डोक्यात आलं, हे ऑपरेशन झालं असतं तर? नेलेली चरबी नव्या जागी गेली तरी चरबीच राहते. वजन उतरलं की तीही आटते. ऑपरेशनासाठी मुद्दाम चढवलेलं वजन ऑपरेशनानंतर उतरलं, की मागचं अडीच लाखांचं कामही त्याबरोबर उतरणार. आता हे वजन तिने जन्मभर सांभाळायचं का? तिचा बांधा तो नाही. हा प्रश्न मी डेंग्यूच्या वॉर्डातल्या खुर्चीवर बसून विचारला, क्लिनिकात कुणी विचारला नव्हता.

आजारपणात रक्ताचे रिपोर्ट हातात आले म्हणून आणखी एक कळलं. हिमोग्लोबिन ९.६. डेंग्यूच्या आधीच्या, ऑफिसच्या तपासणीतही तेवढंच होतं. बाईचं १२ च्या खाली गेलं की आपण अ‍ॅनिमिया म्हणतो. मोठ्या लायपोसक्शनमध्ये, म्हणजे चरबी ओढून काढताना, रक्त जातं हे काय मी तुम्हाला सांगायचं? तिची उंची-वजन मांडलं तर बीएमआय १८ च्याही आत येतो, १८.५ च्या खाली म्हणजे कमी वजन. अशी पोरगी दारात आली की आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, पाळी, खाण्यापिण्याची सवय विचारायची, ही साधी गोष्ट. क्लिनिकात तिला दोनच गोष्टी विचारल्या, फोन नंबर आणि हप्ता किती महिन्यांचा.

काही जण म्हणतील, चरबी नसेल तर सिलिकॉनचं इम्प्लांट घाला. तो मार्ग आहे, बारीक पेशंटना सुचवतातही. पण ज्या जागेवर माणूस दिवसभर बसतो तिथली जखम उघडणं, पाणी साचणं, इम्प्लांट सरकणं, हे सगळं त्यासोबत येतं. आणि पार्लरमध्ये कुणी 'जेल' टोचून देतो म्हणालं तर पळत सुटा, एवढंच बाकीच्या मुलींना सांगते. तिथे नक्की काय टोचतात हे टोचणाऱ्यालाही माहीत नसतं.

आता तो चार पानी फॉर्म. चष्मा लावून वाचला. 'योग्य त्या जागी' चरबी सोडण्यास संमती. 'गरजेनुसार इतर कोणतीही प्रक्रिया' करण्यास संमती. 'सर्व धोके समजावून सांगितले आहेत' यालाही संमती. धोके कोणते, ते कुठेच लिहिलेले नाहीत. फुप्फुसात चरबी जाऊन मृत्यू येऊ शकतो हे वाक्य चार पानांत नाही. कॅन्सलेशनचे नियम मात्र अर्धं पान.

अशा सगळं-काही-आलं संमतीबद्दल सुप्रीम कोर्ट २००८ मध्येच बोललं आहे, समीरा कोहली खटल्यात. तिथे तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशयच काढून टाकलं होतं, संमती घेतली होती बाहेर बसलेल्या आईची. कोर्टाने सांगितलं की ज्या गोष्टीची संमती दिली तेवढीच करायची, जीव वाचवायची वेळ आली तर वेगळं. आणि संमती म्हणजे नुसती सही होत नाही, आधी पेशंटला कळेल इतकं सांगावं लागतं. डॉक्टरांसाठीचे २००२ चे आचारनियम आहेत, त्यांतही ऑपरेशनाआधी लेखी संमती आहे, आणि पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यायची हेही आहे. हे नियम भिंतीवर कुणी लावत नाही. रील मात्र रोज निघतात. आचारनियमांत जाहिरातीबद्दल काय लिहिलंय ते तुम्ही माझ्याकडून ऐकायची गरज नाही.

मधल्या मधे एक गंमत. आजारपणावरच्या उपचारांना जीएसटी नाही. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आहे, १८ टक्के. जन्मजात व्यंग किंवा अपघातानंतरची दुरुस्ती असेल तर माफ. म्हणजे अडीच लाखांवर ४५ हजार. सरकारला हे आजारपण नाही, हौस आहे, हे पक्कं ठाऊक आहे. विमा कंपनीलाही आहे, म्हणून ती पैसे देत नाही. कागदावर सगळ्यांनी याला खरेदी मानलंय. मग खरेदीत ग्राहकाला मिळतं तेवढं तरी द्या. साधा मिक्सर घेतला तर खोक्यावर किती वॅट ते लिहिलेलं असतं.

तर माझं मागणं एवढंच. बारीक पेशंट आली की तिच्या हातात एक कागद द्या. मराठीत. ऑपरेशनाच्या सकाळी गाऊन घालून, उपाशीपोटी, सलाइन लावल्यावर नाही. निदान आठवडाभर आधी, घरी नेऊन आईला, मावशीला, नवऱ्याला दाखवता येईल असा. त्यावर कौन्सेलरने नाही, स्वतः सर्जनने, कातडी चिमटीत धरून, मोजून लिहायचं की तुझ्यातून अंदाजे किती मिली निघेल, एका बाजूला किती सोडू, वर्षाने किती उरेल. तुझा थर किती जाड आहे. मी चरबी स्नायूत सोडणार नाही, आणि हे सोनोग्राफीवर बघत करणार आहे. भूल कोण देणार, त्यांचं नाव. काही झालं तर आयसीयू इथेच आहे की अ‍ॅम्ब्युलन्समधून घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये जायचं आहे. (संध्याकाळी सहानंतर माजिवड्याचा सिग्नल कुणासाठी थांबत नाही, हे कुठल्याही ठाणेकराला विचारा.) आणि शेवटी सर्जनचा मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आणि पदवी. प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी आहे की दोन दिवसांची कार्यशाळा, हे पेशंटला बघू दे.

ज्या मुलीत चरबी पुरेशी नाही, तिच्या कागदावर 'नाही' लिहा. हा शब्द लिहायला शाई सगळ्यात कमी लागते, पण मला ठाऊक आहे, क्लिनिकचं भाडं, मशीनचा हप्ता, कौन्सेलरचं टार्गेट, हे सगळं त्या शब्दाच्या आड येतं. माझ्या नोकरीतले एक सर आठवतात. लग्न ठरलेल्या मुलीचा कानाचा साधा व्रण काढून मागत होते घरचे. सरांनी तपासून सांगितलं, ही जखम केलॉइडची, म्हणजे व्रण वाढत जाणारी, आहे, काढली तर दुप्पट उगवेल, मी हात लावणार नाही. घरच्यांनी आवाज चढवला. सर म्हणाले, "आवाज चढवा, मी सुरी चढवणार नाही." आम्ही सिस्टर्सनी ते वाक्य पुढे वर्षभर एकमेकींना ऐकवलं.

ऑपरेशनानंतरचंही लिहा, कारण तेही लपवलं जातं. पहिले निदान दोन आठवडे त्या जागेवर भार देऊन बसायचं नाही, पोटावर झोपायचं, बसायचंच तर मांड्यांखाली उशी ठेवून. ऐरोलीला आठ तास खुर्चीवर बसणाऱ्या मुलीने हे कसं करायचं? स्कूटीवर बसून घोडबंदरचे खड्डे? ट्रान्स हार्बरच्या गाडीत तिला बसायला जागा मिळत नाही, हा एकच फायदा. घट्ट कपडा काही आठवडे अंगावर ठेवायचा, ऑक्टोबरच्या उकाड्यात. कॅन्युला आतून ब्रश करून मग ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक) झालीय का, हे तुमच्या सिस्टरला विचारा. लांब, पोकळ नळी, आत जरा चरबी राहिली की महिनाभराने गाठी येतात, पू येतो, आणि महिनोन्‌महिने अँटिबायोटिक. ते निस्तरायला पेशंट शेवटी सरकारी हॉस्पिटलच्या रांगेतच येते.

महापालिकांनाही एक ओळ. नर्सिंग होमची नोंदणी तुमच्याकडे असते, ठाण्याला ठाण्याची, वाशी-नेरुळला नवी मुंबईची. भूल देऊन चरबी काढली जाते ती जागा नर्सिंग होम म्हणून नोंदलेली आहे का, एकदा रोडवर फिरून या. मे २०२२ मध्ये बंगळुरूत २१ वर्षांची एक अभिनेत्री चरबी काढण्याच्या ऑपरेशनानंतर गेली, तेव्हा वाहिन्या ओरडत होत्या. आपल्याकडे ओरडायची वेळ येण्याआधी फिरून या.

भाचीला मी "तू आहेस तशी छान आहेस" असं एकदा म्हणून बघितलं. तिने जे तोंड केलं ते इथे लिहिता येत नाही. बरोबरच आहे. काष्ट्यात पंचा मी खोचला नव्हता, तिला खोचावा लागला. ती सज्ञान आहे, स्वतः कमावते, अंग तिचं आहे. टोकनचे पाच हजार बुडाले. जिम लावलंय, वजन उचलते, मांड्या-कुल्ले थोडे भरल्यासारखे वाटतात, पण तेवढ्यावर तिचं समाधान नाही आणि ते व्हायलाच हवं असंही नाही. हिमोग्लोबिन आता ११.४ आहे.

पुढच्या महिन्यात ती वाशीला दुसऱ्या डॉक्टरांकडे जाणार आहे. तुमच्यापैकीच कुणीतरी. मला यायला मनाई आहे, मी जास्त बोलते. म्हणून तिच्या वहीच्या पहिल्या पानावर मी माझ्या अक्षरात प्रश्न लिहून दिलेत. डाव्या बाजूला प्रश्न, उजवी बाजू कोरी. पहिला प्रश्न तोच आहे, किती मिली. पेन वहीतच अडकवलंय.

आपली,
एक निवृत्त ओटी सिस्टर
नौपाडा, ठाणे